शेताचा व्हिडिओ: काढायचा कसा, दाखवायचा कसा आणि नंतर रानात काय बघायचं

"व्हिडिओ एक नंबर झालाय," असं सगळे म्हणतात आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या रानातून पाचटाचा (उसाच्या वाळलेल्या पाल्याचा) धूर निघत असतो. कोल्हापूर जिल्ह्यात शेतकरी गटांसाठी व्हिडिओ काढायला लागलो तेव्हा माझ्या पहिल्या व्हिडिओचं नेमकं हेच झालं. बावीस मिनिटांचा होता. ड्रोननं काढलेला हिरवागार ऊस, मागं बासरी आणि खुर्चीत बसून बोलणारे एक साहेब. चाळीस माणसांनी बघितला, टाळ्या वाजवल्या. पाचट कुणीच ठेवलं नाही.

आता गावागावांतले कृषीमित्र, बचत गटाच्या ताई, शेतकरी कंपन्यांत काम करणारी पोरं फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "कॅमेरा कुठला घेऊ?" हातात आहे तो फोन पुरतो. चूक होते ती क्रमात. आधी शूटिंग उरकतात, मग विषय शोधतात आणि शेवटी माणसं गोळा करत फिरतात. हा क्रम उलटा केल्याशिवाय व्हिडिओचं रानात काही होत नाही.

खाली सगळीकडं एकच उदाहरण घेतलंय: उसाच्या खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या पिकात, पाचट ठेवणं आणि पहारीनं खत देणं. भाताचं जिथं वेगळं पडतं, तिथं तसं सांगितलंय.

## टप्पा १: एकच काम निवडा आणि त्याची तारीख काढा

"ऊस व्यवस्थापन" हा व्हिडिओचा विषय होत नाही, तो तीन दिवसांच्या शिबिराचा होतो. वीस गुंठे रान असलेला माणूस घरातल्या अवजारांनी उद्या सकाळी जे करू शकेल, तेवढाच विषय घ्या. खोडव्याचे तुकडे पाडले तर असे पडतात: तोडीनंतर पाचट न पेटवता सरीत दाबणं आणि बुडखे (तोडीनंतर जमिनीत उरलेली उसाची खोडं) जमिनीलगत छाटणं हा एक व्हिडिओ. पहारीनं खताचा पहिला हप्ता देणं हा दुसरा. त्याच खताचा दुसरा हप्ता साधारण १३५ दिवसांनी येतो, तो तिसरा. तिन्ही एकत्र कोंबले तर बघणाऱ्याच्या डोक्यात फक्त "खोडव्याचं काहीतरी होतं" एवढंच उरतं.

मग तारीख. हे बहुतेकांकडून सुटतं. व्हिडिओ कामाच्या आठवड्यात दाखवायचा असतो आणि चित्रीकरणही त्याच कामाचं करायचं असतं. मग दोन्ही जमायचं कसं? कारखान्यांचा हंगाम लांब असतो, त्याचा फायदा घ्या. सगळ्यांची तोड एका दिवशी येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला ज्याचा आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला) ऊस तुटतो, त्याच्या रानात चित्रीकरण करा आणि डिसेंबर-जानेवारीत ज्यांची तोड येणार आहे त्यांना दाखवा. शिफारशीप्रमाणं खोडवा १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच ठेवायचा असतो. म्हणजे पाचटाचा व्हिडिओ मार्चमध्ये दाखवण्यात काही अर्थ नाही.

भाताला ही सवलत मिळत नाही. राधानगरी, गगनबावडा, आजरा भागात रोपलावण पावसाच्या तालावर थोड्याच दिवसांत उरकते. तिथं यंदा काढा, पुढच्या वर्षी तरवा (लावणीची रोपं) टाकायच्या वेळी दाखवा.

तपासा: "हा व्हिडिओ बघून माणूस उद्या सकाळी काय करणार?" याचं उत्तर एका वाक्यात येतंय का? वाक्यात दोनदा "आणि" आलं तर विषय अजून मोठा आहे.

## टप्पा २: कॅमेरा घरी ठेवून शंका गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. गावात दूध घालायला सकाळ-संध्याकाळ माणसं येतातच. संस्थेच्या दारात अर्धा तास उभं राहा आणि एकच विचारा: "पाचट का पेटवताय?" उपदेश करू नका, वाद घालू नका. ऐका, आणि ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत वहीत लिहा.

मला मिळालेली उत्तरं अशी होती. "पाचट ठेवलं की पाणी फुडं सरकत न्हाई." "उंदरं हुत्यात." "शेजाऱ्यानं त्येचं पेटवलं की माझंबी जळतंय, मग ठेवून काय उपयोग?" "पाचटात खत टाकायचं कुठं?" आणि एका मावशींचं, जे कुठल्याच पुस्तिकेत सापडलं नव्हतं: "पाचटात भांगलायला बसलं की हात कापत्यात."

याच पाच वाक्यांतून व्हिडिओ उभा राहतो. पाणी सरकत नाही ही तक्रार खरी आहे. अरुंद सरीत पाचट फुगून बसलं तर पहिल्या पाण्याला वेळ लागतोच. म्हणून पाचट पायानं दाबून घेतानाचं आणि त्यातून पाणी सरकतानाचं चित्र व्हिडिओत हवंच. सरी फारच अरुंद असेल तर एक आड एक सरीत पाचट ठेवायचा पर्यायही दाखवा. शेजाऱ्याच्या आगीची भीती असेल तर बांधालगतचा पट्टा पाचट ओढून मोकळा केलेला दाखवा. मावशींच्या शंकेला उत्तर असं की पाचटाखाली तण कमी उगवतं, त्यामुळं मुळात भांगलणच कमी लागते. पण हे बाईनंच बाईला सांगितलेलं बरं. माझ्या तोंडून ते कुणाला पटलं नाही.

एखाद्या शंकेला उत्तर नसेल तर ती व्हिडिओत मान्य करा. उंदरांचा त्रास ज्या भागात खरा आहे, तिथं "काही होत नाही" म्हटलंत की पुढच्या नऊ मिनिटांवरचा विश्वास गेला.

सावधान: शंका फक्त पुरुषांच्या घेऊ नका. भांगलण, रोपलावण, बेणं तोडणं यातला बराचसा भार बायकांवर असतो, आणि दुधाच्या रांगेत त्या बोलतीलच असं नाही. त्यांना रानात, कामाच्या जागी गाठा.

## टप्पा ३: आकडे पक्के करा आणि गुंठ्यात आणा

शिफारस हेक्टरात छापलेली असते आणि आपला माणूस गुंठ्यात जगतो. पाचट कुजवण्यासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू अशी आहे. तिचा हिशोब तुम्ही करून द्या, बघणाऱ्यावर सोडू नका:

- एकराला: युरिया ३२ किलो, सुपर फॉस्फेट ४० किलो, जिवाणू ४ किलो.
- वीस गुंठ्यांना: युरिया १६ किलो, सुपर फॉस्फेट २० किलो, जिवाणू २ किलो.

यातही एक खोच आहे. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं, सुपर फॉस्फेटचं ५० किलोचं. "अर्धं पोतं टाका" असं सांगितलं तर दोघांची अर्धी पोती वेगळी भरतात. म्हणून किलोत सांगा आणि पडद्यावर ताणकाट्याला लटकलेली पाटी दाखवा.

अंतराचंही तसंच. पहारीचं छिद्र बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर लांब आणि तेवढंच खोल, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर. रानात टेप घेऊन कुणी जात नाही. "अर्धी ते पाऊण वीत लांब, फुटाफुटावर छिद्र" असं म्हणा आणि हाताची वीत बुडख्याला लावून दाखवा.

सगळा मजकूर चित्रीकरणाआधी तालुका कृषी कार्यालयात, कृषी विज्ञान केंद्रात किंवा ऊस संशोधन केंद्रातल्या माणसाला वाचून दाखवा. तोंडी "बरोबर आहे" यावर थांबू नका, प्रत्येक आकड्यासमोर टिक करून घ्या. खताचा मुख्य डोस माती परीक्षणावर ठरतो, म्हणून तो आकडा व्हिडिओत न सांगता "तुमच्या माती परीक्षणाच्या कागदाप्रमाणं, निम्मा आता, निम्मा दुसऱ्या हप्त्याला" एवढंच बोला.

सावधान: कंपनीचं नाव, दुकानाचं नाव, पिशवीवरचा छाप काहीच दिसू देऊ नका. गावात लगेच "ह्येला कमिशन असणार" अशी चर्चा होते, आणि मग तो व्हिडिओ कितीही खरा असला तरी संपला.

## टप्पा ४: रान कुणाचं, चेहरा कुणाचा

इथं सगळ्यांना पुरस्कारविजेता शेतकरी हवा असतो. एकरी शंभर टन काढणारा, ठिबक बसवलेला, दारात ट्रॅक्टर असलेला. त्याला बघून वीस गुंठेवाला मनात म्हणतो, "त्येला जमतंय बाबा," आणि विषय तिथंच संपतो.

मी शोधतो तो माणूस असा: अर्धा ते दीड एकर ऊस, पाटपाणी किंवा सामायिक मोटर, रात्रीच्या लाइटीला जागून पाणी पाजणारा. त्यानं ते काम निदान एक हंगाम स्वतः केलेलं असावं. बोलायला थोडा अडखळत असला तर चालतो. उलट फार गुळगुळीत बोलणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, भाषण वाटतं.

नवरा-बायको दोघं काम करत असतील तर दोघं पडद्यावर दिसू देत. फक्त तो बोलतोय आणि ती मागं वाकून काम करतेय, असं चित्र आपोआप येतं. तिलाही विचारा, आणि उत्तर पूर्ण ठेवा.

गावातलं राजकारणही इथंच बघून घ्या. दूध संस्थेची किंवा सोसायटीची निवडणूक तोंडावर असताना एका गटाच्या माणसाच्या रानात चित्रीकरण केलंत तर दुसरा गट तो व्हिडिओ बघायलाच येत नाही. मला हे एक अख्खा हंगाम वाया गेल्यावर कळलं.

चित्रीकरणाची आणि पुढं दाखवण्याची परवानगी आधी घ्या, सोप्या शब्दांत: "हे तुमच्या गावात दाखवणार, शेजारच्या गावांत दाखवणार, फोनवरही फिरेल." शेवटचं वाक्य गाळू नका.

## टप्पा ५: चित्रांची यादी लिहा

संवाद पाठ करायला देऊ नका. फक्त चित्रांची यादी करा, एका ओळीत एक चित्र. खोडव्याच्या पहिल्या व्हिडिओची माझी यादी साधारण अशी असते:

1. तुटलेलं रान, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) नेल्यावर पडून असलेलं पाचट. शेतकरी उभा राहून स्वतःची अडचण सांगतो. (एक मिनिट)
2. लागणारं सामान एका पोत्यावर मांडलेलं: धारदार कोयता, खतं, जिवाणू, चांगलं कुजलेलं शेणखत, पाटी, ताणकाटा.
3. बुडख्यावरचं पाचट सरीत ओढणं. बुडखा उघडा पडलेला, जवळून.
4. कोयत्यानं बुडखा जमिनीलगत छाटणं. छाटायच्या आधी आणि नंतर, दोन्ही जवळून.
5. सरीतल्या पाचटावर युरिया आणि सुपर फॉस्फेट फेकणं.
6. जिवाणू शेणखतात मिसळून पाचटावर टाकणं.
7. पायानं पाचट दाबत चालणं.
8. पाणी सोडणं, पाण्याचं तोंड पाचटातून पुढं सरकताना.
9. शंका आणि उत्तरं, वहीतल्या त्याच शब्दांत.
10. किती माणसं लागली, किती वेळ गेला. शेतकऱ्याच्या तोंडून.

एकट्या आठव्या चित्रालाच अर्धा दिवस जातो, कारण लाइट असेल तेव्हाच मोटर चालते. त्या दिवशीचं वेळापत्रक आधी विचारून ठेवा.

## टप्पा ६: रानात चित्रीकरण

निघायच्या आधी फोनची जागा रिकामी करा, काचेवरचा तेलकट हात पुसा, विमान मोड लावा. फोन आडवा धरा. तिपाई आणि कॉलरला लावायचा साधा माईक, एवढा खर्च मात्र करा. चित्र जरा धूसर चालतं, आवाज कळला नाही तर लोक दोन मिनिटांत आपसात बोलायला लागतात.

सकाळी सात ते दहा आणि दुपारी चारनंतर, एवढाच उजेड कामाचा. भर दुपारी पांढऱ्या टोपीखालचा चेहरा काळा ठिक्कर दिसतो. हंगामात रस्त्याकडेच्या रानात आवाजाचा वेगळाच ताप असतो: दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आणि त्यावर फुल्ल आवाजात गाणी. दर पाच मिनिटांनी एक. आतलं रान निवडा.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. खताच्या व्हिडिओत आवाज अगदी बरोबर होता: "बुडख्यापासून अर्धी ते पाऊण वीत लांब." पण ज्या काकांच्या हातात पहार होती, त्यांनी कॅमेऱ्यासमोर घाईत ती बुडख्याला अगदी खेटून मारली. दोन बोटंसुद्धा अंतर नव्हतं. मी बघितलं, आणि आवाजात बरोबर सांगितलंय म्हणून तसंच ठेवलं. पंधरा दिवसांनी रानात फिरलो तर चौघांनी छिद्रं बुडख्याला खेटूनच मारली होती. एकाच्या रानात कोंब पिवळे पडले होते. "व्हिडिओत तसंच हुतं की," ते म्हणाले. आणि खरंच तसंच होतं.

तेव्हापासून नियम केलाय: हाताचं प्रत्येक काम तीनदा चित्रित करायचं. एकदा लांबून, म्हणजे माणूस सरीत कुठं उभा आहे ते कळतं. एकदा कमरेच्या उंचीवरून. आणि एकदा मांडी घालून, कॅमेरा बुडख्याच्या पातळीवर ठेवून. तिसऱ्यात वीत लावलेली दिसली पाहिजे, मग पहार आत जाताना, मग छिद्रात मूठ रिकामी होताना, आणि शेवटी टाचेनं माती ओढून छिद्र बुजवताना. हे शेवटचं अर्ध्या सेकंदाचं काम माणसं सवयीनं करून टाकतात आणि कॅमेऱ्यात येतच नाही. मग बघणारे छिद्र उघडंच ठेवतात.

सावधान: कॅमेऱ्यात जे जे दिसतं ते सगळं लोक शिकतात. उघड्या हातानं औषध कालवणं, अनवाणी फवारणी, तोंडात तंबाखू, बांधावर फेकलेली रिकामी बाटली. बुडख्यांवर बुरशीनाशक फवारताना हातमोजे, तोंडाला फडकं, पायात बूट नसतील तर ते चित्र घेऊच नका.

भाताकडं जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जुलैत राधानगरीच्या बाजूला ढगाळ उजेड मऊ असतो, रंग सुंदर येतात, पण पावसाच्या आवाजात बोलणं काही कळत नाही. तिथं चित्र घ्या आणि बोलणं नंतर घरात बसवून घ्या. दुसरं, चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची असते, आणि चिखलाच्या पाण्यात ती खोली दिसतच नाही. बोट गेलं कुठवर, कुणाला ठाऊक! उपाय सोपा आहे: पारदर्शक बरणीत तोच चिखल भरा, बाजूला पट्टी लावा आणि गोळी खोचताना बाजूनं चित्रित करा. बोट कुठवर जातं ते लख्ख दिसतं.

रान सोडण्याआधी तपासा: प्रत्येक तुकडा हेडफोन लावून तिथंच ऐका. घरी गेल्यावर वाऱ्याचा घोंगावता आवाज सापडला, आणि तोवर रानाला पाणी पाजून झालं असेल, तर ते चित्र पुढच्या वर्षी.

## टप्पा ७: जोडणी

थोडक्यात सांगतो, कारण लोक इथंच नको तेवढा वेळ घालवतात. आठ ते दहा मिनिटं, त्याहून लांब नको. संगीत नको. आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरात, निदान पाच सेकंद. पहिल्याच चित्रावर पीक, काम आणि महिना लिहा, नाहीतर सुरू हंगामातल्या (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावायच्या) उसाच्या दिवसांत आडसालीचा व्हिडिओ फिरत राहतो.

शब्द गावचे ठेवा. इथं "भांगलण" म्हणतात तिथं "आंतरमशागतीद्वारे तणनियंत्रण" बोलू नका. "वाफसा" कळतो, पण "घात आल्यावर" म्हटलं की आजोबाही मान हलवतात. चंदगडकडची बोली वेगळी, शिरोळकडची वेगळी; तिकडं दाखवायचं असेल तर तिथल्या माणसाचा आवाज लावा.

तीन ठिकाणी दोन सेकंदांचं काळं चित्र टाका. ते थांबे आहेत, पुढच्या टप्प्यात लागतील.

तपासा: कच्चा व्हिडिओ तीन शेतकऱ्यांना दाखवा, त्यातली एक बाई असावी. बघून झाल्यावर "कसा वाटला?" विचारू नका. हातात काठी द्या आणि म्हणा, "ही पहार समजा. दाखवा बरं." काठी जिथं चुकते तिथं व्हिडिओ चुकलाय.

## टप्पा ८: दाखवणं

नुसता ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. आधी माणसं बसवून दाखवा, नंतर टाका.

पंधरा ते वीस माणसं. पन्नास जमली तर गर्दी होते, बोलत कुणी नाही. जागा निवडताना बायकांचा विचार करा: तालमीत जागा मोठी असते, पण तिथं बायका यायला संकोचतात. देवळाचा मंडप, समाजमंदिर, दूध संस्थेची खोली किंवा कुणाचा सोपा बरा. वेळ दूध घालून, धारा काढून झाल्यावरची. त्या आठवड्यात सौंदत्तीची यात्रा, क्रिकेटची मॅच किंवा गावात लग्न नाही ना, ते आधी बघा.

छोटा बॅटरीवाला प्रोजेक्टर असेल तर उत्तम. नसेल तर संस्थेचा टीव्ही चालतो. वेगळा स्पीकर मात्र हवाच. लाइट जाणार हे धरूनच चला: प्रोजेक्टर आणि स्पीकर दुपारीच पूर्ण चार्ज करा, व्हिडिओ फोनमध्येही ठेवा आणि पेन ड्राइव्हमध्येही. माणसं यायच्या आधी तिथंच एकदा पूर्ण चालवून बघा. घरी चालला होता, हे तिथं कामाला येत नाही.

सोबत खरं सामान न्या. पहार, टोपलीभर पाचट, एक बुडखा मुळासकट उपटलेला, ताणकाटा.

चालवणारा माणूस गावातलाच असावा आणि त्यानं व्हिडिओ आधी तीनदा बघितलेला असावा. त्याचं काम तीन थांब्यांवर आहे.

पहिला थांबा, अडचण सांगून झाल्यावर: "तुमच्यात किती जण पेटवतात? का?" लोकांना बोलू द्या. इथं पाच-सात मिनिटं गेली तरी चालतील.

दुसरा थांबा, मुख्य काम झाल्यावर: "समजलं का?" हे दोन शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. उत्तर "कळलं की!" हेच येणार. त्याऐवजी पहार एकाच्या हातात द्या, मध्ये बुडखा ठेवा आणि छिद्र कुठं मारणार ते जमिनीवर खूण करून दाखवायला सांगा. बाकीचे आपोआप दुरुस्त करायला लागतात: "आरं लांब, लांब घे!" त्या पाच मिनिटांत जे शिकणं होतं ते दहा मिनिटांच्या व्हिडिओत होत नाही. बायका असतील तर पहार त्यांच्याही हातात गेली पाहिजे.

तिसरा थांबा, शंका झाल्यावर: "तुमच्या रानात काय आडवं येईल?" कुणी म्हणेल सरी तीन फुटाचीच आहे, कुणी म्हणेल जिवाणू मिळत नाहीत. वहीत लिहा. माहीत नसलेल्याचं उत्तर जागेवर रचू नका. विचारून दोन दिवसांत कळवतो म्हणा, आणि कळवा. त्यांनी वाट बघितलेली असते.

उठायच्या आधी प्रत्येकाला विचारा: करणार का, किती गुंठ्यांवर, तोड कधी? सगळ्या रानात करा असा आग्रह धरू नका. चार सऱ्या ठेवून बघतो म्हणाला तर चार सऱ्या लिहा. नाही म्हणाला तर कारण लिहा.

मग दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाका, पण अख्खा नको. एकेका कामाचा मिनिटभराचा तुकडा. माणूस बांधावर उभा राहून तेवढाच उघडतो.

## टप्पा ९: रानात जाऊन बघणं

वहीत ज्यांची तोडीची तारीख आहे, त्यांच्याकडं तोडीनंतर दोन-तीन दिवसांत पहिली फेरी मारा. पहिला खताचा हप्ता तोडीनंतर पंधरा दिवसांच्या आत द्यायचा असतो, म्हणून दुसरी फेरी त्याच सुमारास. "केलं का?" असं फोनवर विचारून वहीत टिक मारू नका. फोनवर सगळ्यांनीच केलेलं असतं. रानात काय बघायचं ते हे:

- पाचट सरीत आहे की बुडख्यावरच पडलंय? बुडखा उघडा नसेल तर कोंब दबतात.
- बुडखे जमिनीलगत छाटलेत की वर खुंट राहिलेत?
- पाचटावर पांढरे दाणे तसेच दिसतायत का? म्हणजे खत टाकलं पण पाणी झालं नाही.
- छिद्रांचं अंतर वीत लावून बघा. छिद्र बुजवलंय का?

चुकलं असेल तर तिथंच, त्याच्याच हातानं, चार छिद्रं नीट मारून घ्या. बांधावरून भाषण नको.

पाचातल्या तिघांनी एकच चूक केली असेल तर दोष त्यांचा नाही. तेवढं एक चित्र पुन्हा काढा आणि जुन्याच्या जागी घाला. पहारीचा व्हिडिओ मी असाच दुरुस्त केला: काकांकडं परत गेलो, ते हसले, बुडख्याला वीत लावली, आणि सव्वा मिनिटाचा तुकडा बदलला. जुनी फाइल ग्रुपमधून आणि सगळ्या पेन ड्राइव्हमधून काढून टाकली. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन फाइली फिरत राहिल्या तर चुकीचीच जास्त फिरते.

ज्यांनी केलं नाही त्यांच्याकडंही जा. एकाच्या घरी गेलो तर कळलं की पाचट ठेवायचं ठरलं होतं, पण शेजारच्या रानाची आग आत आली आणि बांधालगतचा मोकळा पट्टा त्यानं केलाच नव्हता. तो पट्टा व्हिडिओत होता, पण जेमतेम तीन सेकंद. पुढच्या वेळी तो वीस सेकंदांचा केला, रुंदी पावलं टाकून मोजताना.

आणि कॅलेंडरवर आत्ताच एक खूण करून ठेवा: ज्या रानात चित्रीकरण केलं त्याच्या तोडीच्या तारखेपासून १३५ वा दिवस. खताचा दुसरा हप्ता सरीच्या दुसऱ्या बाजूनं द्यायचा असतो आणि तेव्हा ऊस डोक्याएवढा होत आलेला असतो, आत उजेड कमी. त्या दिवशी सकाळी लवकर पोचा आणि कडेच्या सरीपासूनच सुरुवात करा.